नानासाहेबांच्या न्हाणीचा ढाळ

जुनं घर विकत घ्यायचं म्हणलं की माणसं भिंती ठोकून बघतात, छताला ओल आहे का बघतात, दाराच्या चौकटीला वाळवी लागली का बघतात. सोनाजी मिस्त्री मात्र घरात शिरला की आधी न्हाणीत जायचा. चाळीस वर्षं त्यानं या शहरात फरश्या बसवल्या. गुडघे गेले तसं बसवणं सुटलं, पण बघणं सुटलं नाही. ज्यानं न्हाणीची जमीन नीट केली त्यानं बाकीचं घरही नीट केलं असणार, असं त्याचं मत होतं, आणि हे मत तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. म्हणून जुनं घर घेणारे लोक त्याला आधी बोलवून नेत.

काकासाहेबांनीही त्याला असंच बोलावलं. पाचोडजवळ त्यांची मोसंबीची बाग होती. त्यांची बायको चतुराबाई मागल्या वर्षी गावाकडच्या न्हाणीत घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. डॉक्टरनं सांगितलं, एकदा उभं केलं, पुन्हा पडलात तर उभं करायची खात्री नाही. तेव्हापासून दवाखान्याजवळ, जिना नसलेलं एखादं जुनं बैठं घर बघायचं चाललं होतं. चतुराबाईंची अट एकच होती. दिवाणखाना कसाही असो, न्हाणीत पाय घट्ट टेकला पाहिजे.

त्या दिवशी तिघं जीपमधून निघाले. काकासाहेब चालवत होते, चतुराबाई काठी धरून शेजारी आणि सोनाजी मागं.

"मिस्त्री, आतापस्तोर चार घरं झाली," काकासाहेब म्हणाले. "दोन तुम्ही नापास केली, दोन हिनं. शेवटच्या घरात तर ही दारातूनच माघारी फिरली."

"आरशासारखी फरशी होती ती," चतुराबाई म्हणाल्या. "त्यात माझं तोंड दिसायलं होतं. तोंडच बघायचं तर आरसा घेईन की. घर कशाला घेऊ?"

"तोंड बघून घाबरली असशील."

"घाबरायची सवय हाये मला. चाळीस वर्षं तुमचंच बघायले."

सोनाजी मागं बसून हसला. असलं बोलणं त्याच्या घरीही रोज चालायचं. अकरा महिन्यांपूर्वी त्याची बायको सखूबाई गेली तेव्हापासून बंद होतं. आता घरी रेडिओ बोलायचा, पण त्याला उलट उत्तर देऊन काही उपयोग नव्हता.

क्रांती चौक ओलांडून जीप मागच्या गल्लीत वळली आणि एका बैठ्या घरासमोर थांबली. सोनाजीनं फाटक बघितलं, घरामागचा उंच कडुनिंब बघितला आणि त्याचा उतरता पाय जीपच्या पायरीवरच राहिला. हे घर त्याला माहीत होतं. इथली न्हाणी त्यानंच केली होती. सदतीस वर्षं झाली होती.

खरं तर तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, की काकासाहेब, हे काम माझंच हाये, माझ्याच कामाची परीक्षा मी कशी करू. पण तो गप्प राहिला. एक तर त्याला ती न्हाणी पुन्हा एकदा बघायची होती. दुसरं, त्याला ती पास करायची होती. आणि तिसरं कारण असं, की या न्हाणीवरून त्याचं आणि सखूबाईचं भांडण झालं होतं आणि ते त्यानं जिंकलं होतं. बायकोशी जिंकलेलं त्याचं ते एकच भांडण.

सोनाजी फरशी बसवायचा तेव्हा सखूबाई त्याच्या मागं मागं सरकत फरश्यांमधले सांधे सिमेंटनं भरायची. वाकवलेल्या चमच्याच्या दांड्यानं ती सांधे असे दाबून भरायची की नख फिरवलं तरी अडकू नये. या घराचा तेव्हाचा मालक बद्रीनाथराव म्हणून एक म्हातारा होता. त्यानं आधी सांगितलं, न्हाणीचं पाणी डावीकडून, दाराच्या अंगानं परसात सोडा. सोनाजीनं तसा ढाळ, म्हणजे उतार, धरून फरशीखालचा सिमेंटचा कोबा करून टाकला. मग म्हाताऱ्याच्या मनात आलं की साबणाचं पाणी कडुनिंबाच्या मुळाला लागून झाड मरेल, म्हणून पाणी जायची जाळी उजव्या कोपऱ्यात बसवायची. कोबा फोडायचा तर एक दिवस मोडणार होता. सोनाजी म्हणाला, फोडायचं काय काम, वरच्या मालात ढाळ वळवून घेतो. आणि त्यानं फरश्या बसवल्या.

सखूबाईनं तांब्याभर पाणी ओतून बघितलं. म्हणाली, "पाणी दाराकडं यायलंय."

"ओली हाये अजून. वाळली की जाईल बराबर."

"वाळल्यावर काय फरशी कूस बदलती का?"

"पाण्याला वाट दाखवायचं काम माझं," सोनाजी म्हणाला. "तू सांधे भर."

सखूबाईनं सांधे भरले. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथरावाच्या तोंडाकडं बघत सोनाजीनं बादलीभर पाणी ओतलं, आणि खाली बघितलं तोवर ते गुमान जाळीत जात होतं. सोनाजीनं सखूबाईकडं बघून मिशीवरून हात फिरवला. पुढं छत्तीस वर्षं, कुठल्याही गोष्टीत ती म्हणाली की तुमचं चुकतंय, की तो म्हणायचा, "बद्रीनाथरावाची न्हाणी आठव." आणि ती म्हणायची, "व्हय मिस्त्री, लई डोकं तुमचं." एरवी ती त्याला मिस्त्री म्हणत नसे. एवढ्या एकाच बाबतीत म्हणायची.

तर अशा घरात सोनाजी न बोलता शिरला.

घरात आता बद्रीनाथरावांचे चिरंजीव नानासाहेब राहत होते. बँकेतून निवृत्त झालेले, बायको नाही, मुलीकडं नाशिकला जायचं ठरलेलं. घर बांधलं तेव्हा त्यांची नोकरी नांदेडला होती, त्यामुळं त्यांनी सोनाजीला ओळखलं नाही. त्यांनी सगळ्यांना दिवाणखान्यात नेलं आणि ते खिडक्यांबद्दल सांगू लागले.

"खिडक्या छान हायेत," चतुराबाई म्हणाल्या. "न्हाणी कुठं हाये?"

न्हाणी मागच्या बाजूला होती. सहा फूट लांब, पाच फूट रुंद, काळसर शहाबादी फरशी, फूटभराचे तुकडे. सोनाजीनं चपला काढल्या, अनवाणी आत गेला आणि पिशवीतून थापीची जुनी लाकडी मूठ काढून एकेक फरशी ठोकू लागला. एक ठोका, मग कान लावून थांबायचं, मग पुढची.

"पेशंट कसा आहे, डॉक्टर?" नानासाहेबांनी विचारलं.

"धडधाकट," सोनाजी म्हणाला. "एक फरशी पोकळ वाजत नाय. हलत नाय, तडकलेली नाय. असं काम आता कुणी करीत नाय. ज्यानं केलं त्याचा हात सोन्याचा असणार."

चतुराबाईंनी दारातून त्याच्याकडं नीट बघितलं. "मागं दोन घरांत तुम्ही त्या मिस्त्र्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. आज हार घालायलात. काय जेवून आलात?"

"चांगल्याला चांगलं म्हणावं लागतं, वैनी."

"आमचे वडीलही फार नाव घ्यायचे या कामाचं," नानासाहेब खुलून म्हणाले. "पाचोडकडचाच कुणी मिस्त्री होता म्हणे. बायको बरोबर कामाला असायची. वडील म्हणायचे, मिस्त्री बोलायला पक्का आणि बाई कामाला पक्की."

सोनाजीची मूठ फरशीवर पडायच्या आधीच थांबली. "असं म्हणायचे?"

"नेहमी. म्हणायचे, तो ढाळ या विषयावर तासभर बोलला, तेवढ्यात तिनं निम्मी न्हाणी उरकली."

काकासाहेब मोठ्यानं हसले. सोनाजीनं मान खाली घातली आणि जाळीजवळची फरशी गरजेपेक्षा दोनदा जास्त ठोकली.

"आता पाणी ओता," चतुराबाई म्हणाल्या. "वाजवून काय करायचंय? मला तबला घ्यायचा नाय."

पाण्याची सोनाजीला काळजी नव्हती. त्यानं बादली भरली, मागच्या भिंतीपाशी उभा राहिला आणि एका दमात सगळं पाणी सोडलं.

पाणी पसरलं आणि थेट दाराकडं निघालं.

सदतीस वर्षांत जमीन खचली की काय, असं सोनाजीच्या मनात आलं. पण पाणी उंबऱ्याच्या हातभर अलीकडं आलं आणि तिथंच थबकलं. मग तिथल्या एका सांध्यात उतरलं, सांध्यासांध्यानं उजव्या भिंतीकडं गेलं, तिथं काटकोनात वळलं आणि सरळ जाळीत जाऊन पडलं. मिनिटभरात जमिनीवर नुसती ओल राहिली.

"बघा," नानासाहेब म्हणाले. "थेंब राहत नाही. आजवर कधी फडकं लावावं लागलं नाही."

"गेलं खरं," चतुराबाई म्हणाल्या. "पण आधी दाराकडं कशाला आलं? चहा विचारायला?"

सोनाजी भिंतीला धरून, कण्हत, गुडघ्यावर बसला. दारासमोरच्या त्या सांध्यात त्यानं बोट घातलं. सुरुवातीला नखभर खोल. पुढच्या फरशीशी जरा जास्त. भिंतीशी गेल्यावर अर्धं पेर आत गेलं. जाळीजवळ तर सांधा अंगठ्याएवढा रुंद होता आणि दोन्हीकडच्या फरशीच्या कडा दगडानं घासून गोल केलेल्या होत्या. बाकी सगळे सांधे काठोकाठ भरलेले, गुळगुळीत. खोल होती ती एवढी एकच ओळ, दारापासून जाळीपर्यंत. तळ चमच्याच्या दांड्यानं दाबलेला दिसत होता.

मिस्त्री फरशीकडं बघतो, सांध्याकडं बघत नाही. सांधे हे त्याच्या हिशेबी बायकोचं काम. त्यानं तेव्हा बघितले नव्हते. आता बोट आत ठेवून त्याला आठवलं, की सांधे भरायच्या दिवशी सखूबाईनं त्याला शहागंजच्या बाजारात पाठवलं होतं. पांढरं सिमेंट कमी पडतंय म्हणाली. तो दोन तासांनी आला तर आधीचं अर्धं पोतं तसंच पडलेलं. हे काय, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पुरलं की. मला वाटलं पुरत नाय." बाईमाणसाला मालाचा अंदाज नसतो, असं तो वर तिलाच ऐकवून बसला होता.

ढाळ चुकला होता तो चुकलाच होता. पाणी दाराकडंच जात होतं. तिनं दोन तासांत त्याला दुसरी वाट करून दिली, आणि मग छत्तीस वर्षं व्हय मिस्त्री, लई डोकं तुमचं म्हणत राहिली. आणि तो आपण जिंकलो असं समजून मिशीवरून हात फिरवत राहिला.

सोनाजी तिथंच ओल्या फरशीवर बसला आणि त्याला हसू आलं. आधी थोडं, मग खांदे हलेपर्यंत. मग त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"मिस्त्री, काय झालं?" काकासाहेबांनी विचारलं.

"काय नाय. सांधे लई चांगले भरलेत."

"मग पास म्हणायची का न्हाणी?"

पास म्हणणं अगदी सोपं होतं. पाणी जात होतं, फरशी वाजत नव्हती, नानासाहेब घर द्यायला तयार होते, काकासाहेब घ्यायला तयार होते. एक शब्द बोलला असता तर सखूबाईची ती ओळ आणखी सदतीस वर्षं तिथंच राहिली असती. तिच्या हातचं या शहरात दुसरं काय उरलं होतं? जिथं जिथं दोघांनी काम केलं त्या न्हाण्या लोकांनी केव्हाच फोडून गुळगुळीत टाइल्स घातल्या होत्या.

पण सोनाजीची नजर चतुराबाईंच्या काठीवर गेली. काठीच्या टोकाला रबर होतं, एका बाजूनं झिजलेलं.

"वैनी, जरा आत या," तो म्हणाला. "काकासाहेब, तुम्ही त्यांना धरा. सोडू नका. आन काठी इथं टेका, जाळीच्या अलीकडं. अंघोळ झाल्यावर माणूस इथूनच वळतं."

काकासाहेबांनी त्यांचा दंड धरला. चतुराबाई सावकाश आत आल्या आणि सांगितल्या जागी काठी टेकली. रबर त्या रुंद सांध्यात तिरकं बसलं आणि काठी हातात डुलली. काकासाहेबांनी धरलं होतं म्हणून बरं. चतुराबाईंच्या तोंडावरचं हसू मात्र गेलं होतं, आणि दुसरा हात मांडीवर, सळई होती तिथं, आपोआप गेला होता.

"नापास," सोनाजी म्हणाला.

नानासाहेबांचा चेहरा उतरला. "अहो, आत्ता तर तुम्ही सोन्याचा हात म्हणालात."

"चुकलं माझं. हात माझाच हाये, म्हणून म्हणलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. कोबा आधी केला तो, जाळी नंतर हलवली ती, ढाळ वळवून घेतो म्हणालो आणि वळला नाही तो. बायकोनं सांगितलं ते, आणि आपण तिला काय म्हणालो तेही सांगितलं. सांध्यात बोट घालून तिची ओळ दाखवली. शहागंजचं सिमेंट सांगताना त्याला पुन्हा हसू आलं.

नानासाहेब ओशाळले. "मिस्त्री, वडील ते थट्टेनं म्हणायचे हो."

"थट्टेनं नाय. बराबर म्हणायचे. त्यांना दोन दिवसांत कळलं, मला आज कळायलंय."

"म्हणजे छत्तीस वर्षं बाईनं तोंडातून शब्द काढला नाय?" काकासाहेब म्हणाले, आणि बायकोकडं बघितलं. "बघ. अशा असतात बायका."

"व्हय ना," चतुराबाई म्हणाल्या. "मी पण कितीतरी गोष्टी बोलत नाय. तुम्हाला वाटतं बाग तुम्हीच लावली."

आता घरी गेल्यावर कोणकोणती गोष्ट विचारावी लागेल, याचा काकासाहेब विचार करत असावेत.

"घर घ्या तुम्ही," सोनाजी म्हणाला. "घर पक्कं हाये, बद्रीनाथरावांनी मालात कंजूसपणा केला नव्हता. फकस्त ही जमीन उखडा. कोब्यापासून. ढाळ नव्यानं धरा, सांधे सपाट ठेवा, फरशी खरबरीत घाला. मग वैनीला चिंता नाय."

चतुराबाई जाळीजवळच्या त्या सांध्याकडं बघत होत्या. "मिस्त्री, बाईच्या हातचं काम हाये. आमच्या एका काठीपायी उखडायचं म्हणजे मनाला लागतं. नवी काठी घेऊ, रुंद रबराची."

"काठी आज हाये, उद्या तुम्ही तशाच चालाल. मग टाच अडकंल." सोनाजी भिंतीला धरून उठला. "आन तिनं हे न्हाणीसाठी नव्हतं केलं. माझी अब्रू झाकायला केलं होतं. माझी अब्रू आता कुणाला लागती? उखडा."

त्यानं थापीची मूठ पिशवीत टाकली.

नानासाहेबांनी हळूच विचारलं, "मग काम कोण करील? तुमचे गुडघे तर असे."

"बसवायला माणूस आणीन, माझा पुतण्या मुंजाबा हाये, हात बरा हाये त्याचा. मी स्टुलावर बसून बघीन."

"म्हणजे पुन्हा तासभर ढाळावर बोलणार," काकासाहेब म्हणाले.

"नाय. आता बोलणार नाय. पाणी ओतायचं आन वैनीला विचारायचं, कुणीकडं जायलंय. त्या म्हणतील तसं."

चतुराबाईंनी काठी सपाट फरशीवर नीट टेकली आणि त्याच्याकडं बघितलं. "आन मी चुकीचं सांगितलं तर?"

"सांधे मीच भरणार हाये," सोनाजी म्हणाला. "तुम्हाला कळणार बी नाय."